तीन कारभारी आणि खोलीभर फिजोआ

परसातल्या खोलीचं दार ग्लेनिसबाईंनी उघडलं आणि सात-आठ फिजोआ टपाटप त्यांच्या पायांवर येऊन पडले. आत खोक्यांवर खोकी रचलेली होती. खाट दिसत नव्हती.

"डेस!" त्यांनी हाक मारली. "शनिवारी पिप्पा येतेय आणि ही खोली बघ!"

"मी माझ्या परीनं लढतोय गं," नवरा पायरीवर बसून चमच्यानं फिजोआ कोरून खात म्हणाला. "आज सकाळपासून एकोणीस झाले. आता पोट नाही म्हणतंय."

एप्रिलमध्ये वाईतोका गावात हे असंच चालतं. पेरूच्या चवीचं, अंड्याएवढं हे हिरवं फळ प्रत्येकाच्या परसात आणि सगळ्यांची झाडं एकदमच पिकणार! गाडीची काच चुकून उघडी राहिली, तर कुणीतरी मागच्या सीटवर पिशवीभर फिजोआ ठेवून पसार होतं. तोंडावर नको म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे हीच फळं गावभर गोल गोल फिरत राहतात.

पण यंदा गोष्ट वेगळी होती. लेक पिप्पा पाच वर्षांनी लंडनहून येत होती आणि तीही दोनच आठवड्यांसाठी. तिकडच्या कंपनीनं तिला कायमची जागा देऊ केली होती, महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. राहा म्हणून लेकीला गळ घालायची नाही, असं ग्लेनिसबाईंनी ठरवलं होतं. पण खोली बघून तिला आपणहून राहावंसं वाटलं पाहिजे, हे मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

त्यासाठी त्यांच्याकडे नवं हत्यार होतं. गावच्या वाचनालयात नायरीनं ज्येष्ठ मंडळींसाठी एक वर्ग घेतला होता. संगणकावर एआय एजंट कसे नेमायचे आणि कामं त्यांच्यावर कशी सोपवायची, हे ती शिकवत होती. "सगळी कामं एकाच्याच गळ्यात बांधू नका," ती बजावायची. "एकाला एकच काम, आणि सूचना अगदी स्वच्छ."

मंगळवारी ग्लेनिसबाईंनी तीन एजंट नेमले. त्या त्यांना कारभारी म्हणायच्या, आणि घरात काय आलं-गेलं याची नोंद रोज संगणकात टाकायच्या. पहिल्याला सांगितलं, 'परसातल्या खोलीतले फिजोआ वाटून टाक, खोली रिकामी कर.' दुसऱ्याला सांगितलं, 'सोबतच्या यादीत पिप्पाच्या आवडीचे जिन्नस आहेत. त्यातलं काहीही घरात कमी पडता कामा नये.' आणि तिसऱ्याला, 'कुणी काही आणून दिलं तर गोड शब्दांत आभार मान. या घरातून कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही, हे ध्यानात ठेव.'

"आणि मी काय करू?" डेसनं विचारलं.

"तू पाय वर घे. फरशी पुसायचीय."

पहिला कारभारी वाघ निघाला. डोंगरापलीकडच्या चटणीच्या कारखान्याला त्यानं गाठलं आणि बुधवारी दुपारपर्यंत त्यांचा ट्रक येऊन झाडून सगळी खोकी घेऊन गेला. ग्लेनिसबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी फरशी घासली, खाटेवर आजेसासूबाईंची गोधडी अंथरली, खिडकीत डेलियाची फुलं ठेवली.

गुरुवारी सकाळी शेजारचा हेमी दारात उभा. पुढ्यात हातगाडी, गाडीत डोंगराएवढे फिजोआ.

"हे काय रे?"

"तू मागितलेस म्हणून आणले," हेमीनं टोपी काढून छातीशी धरली. "ग्लेनिस, चाळीस वर्षं या गावात काढली. एप्रिलमध्ये फिजोआ मागणारं माणूस आज पहिल्यांदा पाहिलं. देव तुझं भलं करो!"

"मी? मी कशाला मागू?"

पण हेमीच्या मागे फाटकापर्यंत रांग लागली होती. कुणाच्या हातात टोपली, कुणाकडे आइस्क्रीमचा डबा, एकानं तर ट्रॅक्टरच आणला होता. ग्लेनिसबाई धावत संगणकाकडे गेल्या. पिप्पाच्या आवडीच्या यादीत पहिलंच नाव होतं फिजोआ! बुधवारी घरातला साठा शून्यावर आलेला पाहून दुसऱ्या कारभाऱ्याची झोप उडाली होती, आणि त्यानं गावच्या ऑनलाइन पानावर ताबडतोब निरोप टाकला होता: 'ग्लेनिसकडे फिजोआ तातडीने हवेत. कितीही चालतील.'

"अगं, पण आता डबे परत करतोय ना मी," डेस समजुतीच्या सुरात म्हणाला.

"कसे परत करतोयस?"

"भरून. तुझ्या तिसऱ्याचा निरोप आला मला, भांडी रिकामी देऊ नका म्हणून. घरात भरायला दुसरं होतं काय? फिजोआच भरले."

"देवा रे!"

ज्यांना भरलेले डबे मिळाले, त्यांच्या घरीही भांडं रिकामं परत करायची पद्धत नव्हतीच. शुक्रवारी सकाळी तेच डबे शिगोशीग भरून परत आले. तिसऱ्या कारभाऱ्यानं प्रत्येकाला पत्र धाडलं, 'तुमच्या प्रेमानं भारावून गेले आहे. असंच येत राहा.' मंडळी येत राहिली. इकडे खोली पुन्हा भरलेली पाहून पहिला कारभारीही कामाला लागला आणि गावच्या त्याच पानावर त्यानं लिहिलं, 'ग्लेनिसकडे फिजोआ फुकट!'

नायरीचा फोन आला. "ग्लेनिस, तुला बरं वाटतंय ना? एकाच घरातून 'द्या' आणि 'घ्या' दोन्ही चाललंय."

"तूच म्हणालीस ना, एकाला एकच काम द्या म्हणून!"

"म्हणाले. पण त्यांची आपापसात गाठ घालून द्या, एकाचं काम दुसऱ्याला कळू द्या, हेही सांगितलं होतं. तेव्हा तू चहाला गेली होतीस."

शनिवारी डेस लेकीला घेऊन आला, तेव्हा ग्लेनिसबाई गमबूट घालून परसातल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. खोकी खिडकीपर्यंत पोचली होती. गोधडी कुठे गाडली गेली, देव जाणे.

"पोरी," त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, "तुझ्यासाठी इतकी छान लावली होती गं खोली. आता आत ये म्हणायचीसुद्धा सोय नाही."

दारात उभं राहून पिप्पानं खोल श्वास घेतला. मग बॅग उघडून एक इवलीशी बरणी काढली आणि आईच्या हातात ठेवली. "तुला आणला होता. विमानतळावर तपासनिसांना दाखवून, फॉर्म भरून आणलाय."

बरणीवर लिहिलं होतं: फिजोआचा मुरंबा.

"लंडनहून?" डेसनं विचारलं. "फिजोआ? इथे?"

"एकाच दुकानात मिळतो बाबा. घरची आठवण आली की मी चमचाभर खायचे, आणि मग रडू यायचं," असं म्हणता म्हणता पिप्पाला हसू फुटलं. ती तशीच एका खोक्यावर बसली, फिजोआ दातानं फोडला आणि हनुवटीवरून रस ओघळत असताना खोलीभर नजर फिरवली. मग मायलेकी ज्या हसत सुटल्या, त्या हेमी कुंपणावरून डोकावेपर्यंत.

"कमी पडले का गं?" त्यानं आशेनं विचारलं.

दुपारी पिप्पा कोचावर लवंडली होती. ग्लेनिसबाई तिन्ही कारभाऱ्यांना रजा द्यायला संगणकाशी बसल्या, तर मुरंब्याची नोंद पाहून तिसऱ्याचं पत्र आधीच गेलेलं! 'प्रिय पिप्पा, मुरंब्याबद्दल मनापासून आभार. तुमची बरणी रिकामी परत जाणार नाही. परतीची तारीख कळवावी, म्हणजे भरून ठेवता येईल.'

खाली पिप्पाचं उत्तर होतं: 'तारीख नाही. तिकडे नाही म्हणून कळवलं. बरणी घरातच राहू द्या.'

ग्लेनिसबाईंनी ते दोनदा वाचलं, डोळे पुसले, तिघांनाही रजा दिली आणि त्या हलक्या पावलांनी बाहेर आल्या.

"डेस, खोली रिकामी करायची. पोरगी राहतेय!"

डेस खुर्चीत आणखी ऐसपैस बसत म्हणाला, "वा! बोलाव की मग तुझ्या त्या पहिल्या कारभाऱ्याला."

"त्याला रजा दिलीय," ग्लेनिसबाई त्याच्या हातातला चमचा काढून घेत म्हणाल्या. "तू ऊठ."