ओटीपीची टाकी

"योगिता, घात झाला! आपला ईमेल हॅक झाला!"

करवंदपाडा ग्रामपंचायतीचे ग्रामसेवक उमेश चुरी, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, सोमवारी सकाळी मोटरसायकलचं स्टँडसुद्धा न लावता ऑफिसात शिरले. बाहेर गाडी आडवी झाल्याचा आवाज आला, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. कॉम्प्युटर ऑपरेटर योगिता धोदाडे टेबलावरची धूळ झटकत होती. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"कुणी केला?"

"ते कळलं असतं तर काय हवं होतं! शुक्रवारी दुपारी आपल्या मेलवरून एकेचाळीस तक्रारी गेल्यात. तालुक्याला, जिल्ह्याला, थेट मंत्रालयात!"

"खोट्या?"

"खोट्या असत्या तर भीती कसली होती?" भाऊसाहेब खुर्चीत कोसळले. "सगळ्या खऱ्या आहेत गं!"

करवंदपाडा डहाणू तालुक्यातल्या गंजाडवरून बरंच आत. शासनाने या गावाला दोन मोठ्या गोष्टी दिल्या होत्या. एक इंटरनेट, जे वायरीतून फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत यायचं, तेही वीज असेल तेव्हा. दुसरी पाण्याची उंच टाकी. तिच्यात बांधल्यापासून पाण्याचा थेंब पडला नव्हता, पण कागदावर ती रोज भरत होती आणि घरोघरी नळाला धो धो पाणी येत होतं. टाकी अगदीच वाया गेली असं मात्र म्हणता येणार नाही. अख्ख्या गावात मोबाईलची रेंज फक्त तिच्या माथ्यावर मिळायची.

त्यामुळे कामाची एक पद्धत पडून गेली होती. सरकारी पोर्टल उघडायचं तर ओटीपी लागणार. तो ऑफिसच्या सरकारी मोबाईलवर येणार आणि मोबाईलला खाली रेंज नाही. म्हणून शिपाई लाहू मोबाईल खिशात घालून टाकीची शिडी चढायचा आणि वरून बोंब ठोकायचा, "चार, सात, शून्य, नऊ, दोन, दोन!" योगिता खिडकीतून ऐकून टाइप करायची. कुणालाही सांगू नका असं बजावून पाठवलेला तो आकडा शेतात नांगर धरणाऱ्यालाही पाठ व्हायचा.

भाऊसाहेबांची स्वतःची पद्धत याहून सुंदर होती. कुणी तक्रार घेऊन आलं की ते टेबलाच्या खणातून सरकारी मोबाईल काढायचे आणि तक्रारदारासमोर ईमेल लिहायचे. तक्रारदार म्हणेल तसं, अगदी कळकळीने. "साहेब झोपा काढतात असं लिहा," म्हटलं की ते "गाढ झोपा काढतात" असं लिहायचे. "मंत्र्यालाबी पाठवा," म्हटलं की मंत्र्यालाही पाठवायचे. मग बटण दाबून मोबाईल त्याच्यासमोर धरायचे. "हा बघ, गेला!" माणूस समाधानाने घरी जायचा. खाली रेंज नाही आणि मोबाईलचा डेटा कायम बंद, त्यामुळे मेल जायचा तो फोनमध्येच अडकून खणात. वर्षभरात अशा एकेचाळीस तक्रारी भाऊसाहेबांनी हातोहात निकाली काढल्या होत्या.

आता त्या एकेचाळीस निघून गेल्या होत्या.

"पण भाऊसाहेब, त्या तुम्हीच तर पाठवल्या होत्या," योगिता म्हणाली.

"पाठवल्या होत्या, पण जाण्यासाठी नव्हत्या पाठवल्या!" भाऊसाहेब कळवळून म्हणाले. "तालुक्याच्या साहेबांनी मला आज सकाळी घरी बोलवून वाचून दाखवलं. 'गाढ झोपा.' मी म्हटलं, साहेब, असं मी लिहीन का? हॅक झालंय. ते म्हणाले, मग हॅकर शोधा आणि त्याला धडा शिकवा. आता ऑफिसात कॉम्प्युटर येणारी माणसं किती? तूच सांग."

उत्तर एकच होतं, योगिता. सांगायची गरजही नव्हती. तिचा करार दर खेपेला अकरा महिन्यांचा, आणि तो तोडायला भाऊसाहेबांची एक सही पुरे होती. तलासरीच्या कॉलेजातून पदवी घेतलेली पाड्यावरची ती पहिली मुलगी. तिची आई, जमना, भाजीच्या टोपलीवर ओढणी टाकावी तितक्या सहज "आमची योगिता हापिसात हाय" हे वाक्य बोलण्यात टाकायची. ती नोकरी गेली तर योगिताला वीटभट्टीवर नाहीतर वापीच्या कारखान्यात जावं लागलं असतं.

"योगिता, टाइप कर," भाऊसाहेब म्हणाले. "'आपली सेवा समाप्त का करण्यात येऊ नये, याचा खुलासा चोवीस तासांत सादर करावा.'"

"कुणाच्या नावे?"

"तुझ्याच. दुसरं टाइप करणारं आहे कोण इथं?"

योगिताने स्वतःची नोटीस स्वतः टाइप केली. भाऊसाहेबांच्या दोन चुका सुधारल्या, प्रिंट काढून त्यांची सही घेतली, जावक रजिस्टरला नोंद केली आणि नोटीस स्वतःला देऊन पोच म्हणून स्वतःच सही केली. कार्यालयीन शिस्तीत तिने कुठेही कसूर ठेवली नाही. मग मात्र ती बाहेर जाऊन ओट्यावर बसली आणि तिला रडू फुटलं.

लाहू चहा घेऊन आला आणि कप तिच्या हातात न देता तसाच उभा राहिला.

"ताई, शुक्रवारी मी वर गेलतो ना ओटीपीला. तो काय लवकर येईना. वर हवा झकास. म्हटलं तवर तारपा नाचाचा व्हिडिओ बघू. म्हणून तो डेटा का काय ते चालू केला."

योगिताचं रडू जागच्या जागी थांबलं. "मग?"

"मग फोन नुसता टुंग टुंग टुंग करायला लागला. मला वाटलं व्हिडिओच लागतोय." लाहूने कप ओट्यावर ठेवला. "चौदा वरसं झाली ताई, अजून कायम केलं नाय मला. आता तर जेलातच टाकतील."

खुलासा आता योगिताच्या हातात होता. खरं लिहिलं तर ती वाचत होती आणि लाहू मरत होता. ऑफिसातल्या सर्वांत खालच्या पायरीवर कुणीतरी सापडलं की वरच्या सगळ्यांना बरं वाटतं, हे तिला तीन वर्षांत कळलं होतं. तिने कोरा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी जिल्ह्यावरून चौकशी अधिकारी म्हणून शीतल मॅडम आल्या. मॅडम दारात जीपमधून उतरल्या, तोच म्हातारी बुधीबाई कमरेवर रिकामा हंडा घेऊन आडवी आली.

"मॅडमबाय, त्यो चोर तुमी शोधताय तो मीच. मला पकडा."

"तुम्ही ईमेल हॅक केला?"

"केला असंल. तक्रार माझी हाय ना? नळातनं नुसता वारा येतो म्हणून. चला, मी तयार हाय. फकस्त एवढं सांगा, चौकीत नळाला पाणी येतं ना?"

"येतं," मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

"मंग सूनंला पण घेते," म्हणत बुधीबाई घराकडे वळली. तिला परत बसवायला लाहूला धावावं लागलं.

मॅडमनी ईमेलचं खातं स्वतः उघडायचं ठरवलं. पासवर्ड विचारताच भाऊसाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. मग ओटीपी. लाहू मुकाट्याने मोबाईल घेऊन टाकीवर गेला आणि थोड्या वेळाने वरून आरोळी आली. मॅडमचा पेन हवेतच राहिला.

"हे काय?"

"ओटीपी, मॅडम," योगिता म्हणाली.

"तो असा... माझा तिसरा आकडा चुकला बहुतेक."

"आठ," ओट्यावरून बुधीबाई म्हणाली. "पाच, एक, आठ, सहा, सहा, तीन."

समोरच्या आंब्याखाली बसलेल्या दोघांनी "बरोबर" म्हणून माना डोलावल्या. मॅडमनी तिला नमस्कार केला आणि आकडा टाकला.

तोवर भाऊसाहेबांना स्फुरण चढलं होतं. "मॅडम, हॅकरला अशी शिक्षा झाली पाहिजे की पुन्हा कुणाची हिंमत होऊ नये. माझ्या अहवालात मी लेखी शिफारस केलीय. ज्याने हे मेल पाठवले, त्याला ही टाकी हंड्याने भरायला लावा!"

"लेखी? सहीनिशी?"

"शिक्क्यानिशी!"

मॅडमनी स्क्रीनवर गेलेल्या मेलची यादी उघडली. "चुरी, हे सगळे मेल तुमच्या खणातल्या मोबाईलवरून गेलेत. लिहिले कोणी?"

"लिहिले मी."

"पाठवायचं बटण कोणी दाबलं?"

"दाबलं मी. पण डेटा बंद ठेवून!"

"मग हॅक काय झालं?"

"मॅडम," भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या गावातलं त्या वर्षीचं ते पहिलंच सरकारी पाणी होतं, "ते गेले ना!"

ओट्यावर कुणीतरी हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "डेटा बंद असायचा म्हणता. मग तो चालू कोणी केला?"

दारात लाहूचा चेहरा राखेसारखा झाला. योगिता उभी राहिली. तिने ठणठणीत आवाजात सांगितलं, "मोबाईल जुना आहे मॅडम. उंचावर गेला की आपोआप चालू होतो."

मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा लाहूकडे, मग खिडकीतून टाकीकडे. आणि त्यांनी लिहिलं, 'तांत्रिक कारण: उंची.'

पंधरा दिवसांत निकाल लागला. शासन एकदा न्याय करायला बसलं की कुणालाच मोकळं सोडत नाही. मोबाईल जुना असल्याबद्दल लाहूला समज देण्यात आली. 'उंची'चा बंदोबस्त म्हणून टाकीवर 'चढण्यास सक्त मनाई' अशी लोखंडी पाटी ठोकली गेली. तिच्यावर पाय ठेवून चढणं लाहूला आता सोपं जातं. एकेचाळीस तक्रारी हॅकिंगच्या मार्गाने प्राप्त झाल्या असल्याने विचारात घेता येत नाहीत, सबब दप्तरी दाखल, असा शेरा मिळाला. योगिताची नोटीस मागे घेतली गेली. तो आदेशही तिनेच टाइप केला. चुरी भाऊसाहेबांना कडक शिक्षा म्हणून करवंदपाड्यातून हलवून थेट शहरात, पंख्याखाली, चोवीस तास पाणी असलेल्या प्रशिक्षण केंद्रात टाकलं. तिथे ते डहाणू आणि तलासरीकडच्या ग्रामसेवकांना 'सायबर सुरक्षा' शिकवतात. हंड्याने टाकी भरण्याच्या त्यांच्या शिफारशीवर साहेबांनी लिहिलं, 'टाकी अभिलेखानुसार भरलेली असल्याने आवश्यकता नाही.'

नवे भाऊसाहेब, नवीन राऊत, तरुण होते, हसतमुख होते, आणि जाणाऱ्या माणसाने त्यांना चार्ज देताना सगळं नीट समजावून दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात बुधीबाई हंडा घेऊन आली.

"बसा आजी," म्हणत त्यांनी खणातून सरकारी मोबाईल काढला. म्हातारी सांगत गेली तसं लिहीत गेले. "चोराला शिकवायला धाडलं आन् आमाला हंडा ठेवला" हेही लिहिलं, मंत्र्यांचा पत्ता टाकला, बटण दाबलं आणि मोबाईल तिच्यासमोर धरला.

"हा बघा आजी, गेला!"

बुधीबाईने मोबाईलकडे पाहिलं, मग योगिताकडे. तिने हंडा उचलला आणि ती पायऱ्या उतरू लागली. भाऊसाहेबांनी मोबाईल खणात ठेवला आणि ते जेवणाचा डबा धुवायला मागे गेले. मागे पाणी नव्हतं, म्हणून त्यांना जरा वेळ लागला.

योगिताने खण उघडला, मोबाईल घेतला आणि बोटाने एक बारीकसं बटण चालू केलं.

"लाहूदादा," ती हळूच म्हणाली, "हा घेऊन वर जा."

"ओटीपी यायचाय?"

"नाही," योगिता म्हणाली. "व्हिडिओ बघ तारप्याचा. सावकाश बघ."