शेततळ्यातला पाणबुड्या

किसनतात्यांकडं कुणीही गेलं, तरी ते त्याला आधी शेततळ्याच्या काठावर बसवून तोंडानं श्वास घ्यायला लावतात. मग चहा. उसाची नोंद घ्यायला आलेला कारखान्याचा माणूससुद्धा यातून सुटला नाही.

आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी ऊस लावला आणि तात्या नोकरीभर नौदलात पाणबुडे. आता पिंपळीच्या शेततळ्यात ते हौशी लोकांना स्कूबा शिकवतात. फुकट.

ते निवृत्त होऊन गावी येण्याआधी आमच्या बारामतीच्या कॉलेजात 'समुद्रवाले सर' म्हणजे मी होतो. मालवणला अर्धा तास शिकून, गाईडनं मागून धरलेलं असताना, मी खाली जाऊन आलोय. अंगठा वर केलेला फोटो हॉलमध्ये लावलाय. एकदा तात्या आमच्या घरी आले आणि फोटोपुढं थांबले.

"सर, एवढं भ्याला व्हता?"

"छे! मस्त वाटतंय म्हणून अंगठा."

"पाण्याखाली अंगठा वर म्हंजी 'मला वर न्या'."

सुनंदा, माझी बायको, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि पुढच्याच रविवारी तात्यांच्या शेततळ्यात उतरली.

मग घरात 'तात्या म्हणतात' सुरू झालं. आमटीला फोडणी देतानाही तात्या म्हणतात. मी काही म्हणत होतो, याची आठवणही कुणाला राहिली नाही.

शिकवणं म्हणजे नुसता छळ. तात्या छातीभर पाण्यात तिच्या पाठीवरच्या टाकीचा पट्टा धरून उभे. सुनंदानं खाली गुडघ्यांवर बसून मास्क काढायचा, परत घालायचा, नाकानं फुंकून आतलं पाणी घालवायचं. तोंडातली हवेची नळी सोडायची, चाचपून शोधायची. जमलं तरी, "पुन्यांदा!"

"हौशी माणसांना एवढं कशाला, तात्या?" मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम."

"अर्ध्या तासात मासं बघाया येतंय, सर. भ्यालं तर काय करायचं, त्येला येळ लागतो."

सुनंदानं मान डोलावली. माझ्या कुठल्या वाक्याला तिनं अशी मान डोलावल्याचं मला आठवत नाही.

दिवाळीनंतर आम्ही तिघं मालवणला गेलो. मला सर्दी, म्हणून मी होडीत. सुनंदा गाईडबरोबर उतरली. वर आल्यावर गाईड म्हणाला, "एका पर्यटकाची लाथ लागून मॅडमचा मास्क निघाला. मी पोचेपर्यंत त्यांनी घालून पाणीसुद्धा काढलं!"

आता तात्या मिशीला पीळ देणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी नुसता टॉवेल पुढं केला.

"तात्या, आता तुम्ही जा ना," सुनंदा म्हणाली.

तात्यांनी उजव्या कानाला हात लावला. "कान गेला, ताई. नोकरी सुटली ती त्याच्यापायीच. डॉक्टर खोल जाऊ देत न्हाईत." मग म्हणाले, "काय काय दिसलं? सावकाश सांगा."

सुनंदा सांगत राहिली. काळ्या पट्ट्यांचे मासे, खडकाच्या फटीतून डोकावणारं कुणीतरी, वरून झिरपणारा उजेड. तात्या चांगला कान तिच्याकडं करून, डोळे मिटून ऐकत होते. मधेच विचारत, "शेपटी कशी व्हती त्याची?"

आमच्या संसारात ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. तिचं एवढं सलग कुणी ऐकलंही नव्हतं. मला दोघांचाही हेवा वाटला. मग मी थोडा पुढं सरकलो. लाटांच्या आवाजात मला नीट ऐकू येत नव्हतं.