निर्मलाकाकूंचा समुद्र

आमच्या मेसमधल्या वरणात मीठ किती पडणार, हे अरबी समुद्र ठरवतो.

अमरावतीच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. इथून समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो फक्त टीव्हीवर पाहिला आहे. मेस चालवणाऱ्या निर्मलाकाकूंनीही प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. पण सकाळी कणीक मळायच्या आधी त्या मोबाईलवर समुद्राचा नकाशा उघडतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि म्हणतात, "पाहू दे, आज कोन कोन उठलं तं."

पहिल्या आठवड्यात वरण खारट लागलं तेव्हा मी गप्प राहिलो. मी बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. शहरात काय विचारायचं असतं आणि काय नसतं, हे मला नीट कळत नव्हतं. शहरातलं वरण असंच असेल, असं धरून मी जेवलो. शेवटी शेजारी बसलेल्या जुन्या पोरानं मला शिकवलं, "मीठ जास्त झालं का समजायचं, समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. फोडनी जळली का तो किनाऱ्याकडं निघाला. अन् नुसती खिचडी आली, पापडबी नाही, तं समज वादळाचं बारसं झालं."

'बारसं' हा काकूंचाच शब्द. समुद्रात उठणारी प्रत्येक गडबड हा त्यांच्या लेखी पाव्हणा. त्याला सरकारी नाव मिळेपर्यंत तो बिनबारशाचा. नाव मिळालं की तो जावई. "जावयाचं कसं राह्यते," त्या पोळी लाटता लाटता सांगायच्या, "येतो म्हनते, साऱ्या घराले कामाले लावते, अन् ऐन वेळी रुसून तिसरीकडंच जाते." बंगालच्या उपसागरातले पाव्हणे त्यांना साधे, घरचे वाटत, ते पायी पायी येतात, पाणी देतात आणि जातात. अरबी समुद्रातल्यांवर मात्र त्यांचा अजिबात विश्वास नव्हता.

या ज्ञानाचा उपयोग काय, असं कोणी विचारलं की काकूंचं उत्तर ठरलेलं असे, "कुरड्यायसाठी."

ते अगदी खोटंही नव्हतं. कुरडईचा गहू तीन दिवस आधी भिजवावा लागतो. मग तो वाटून, गाळून चीक काढायचा, शिजवायचा आणि सोऱ्यातून गच्चीवर घालायचा. त्या दिवशी आभाळ आलं की सगळा घाणा आंबतो. म्हणजे उद्याचं ऊन पाहून भागत नाही, तीन दिवसांनंतरचं ऊन आजच ओळखावं लागतं. त्यामुळे एप्रिल लागला की गल्लीतल्या बाया मेसच्या दाराशी यायच्या. "काकू, गहू भिजू घालू काय?" काकू नकाशा उघडायच्या, ओठ मुडपायच्या आणि निकाल द्यायच्या.

निकाल चुकायचे. चांगलेच चुकायचे. मागच्या उन्हाळ्यात समुद्रात एक पाव्हणा उठला आणि काकूंनी साऱ्या गल्लीला गहू भिजवायची बंदी केली. तो पाव्हणा वळून ओमानकडे गेला. अमरावतीत असं ऊन पडलं की डांबर चपलेला चिकटत होतं. समोरच्या शोभावहिनी भर रस्त्यात म्हणाल्या, "काकू, तुमचा जावई गेला अरबस्तानात अन् आमचा डबा राह्यला रिकामा!"

काकू म्हणाल्या, "मंग? जावयाच्या चुकीचं खापर सासूवर फोडता काय?"

सगळ्यात जास्त वैताग सलीमभाईंना. त्यांचं कूलरचं दुकान मेसला लागूनच. मे महिन्यात काकू दारात उभ्या राहून पाव्हण्याची घोषणा करायच्या आणि सलीमभाईंचं गिऱ्हाईक कूलरवरचा हात काढून घ्यायचं.

"काकू, तुमी माह्या धंद्यावर पानी टाकून राह्यल्या ना."

"मी कुठी टाकून राह्यली? समुद्र टाकून राह्यला."

"अरे, पन समुद्र तं चुप बैठा है! बोलते तं तुमीच. अन् अपने इथं पानी बंगालकडून येते, सब लोगायले मालूम हाये. मंग तुमी रोज त्या बाजूले काहून पाहता?"

यावर काकू कणकेकडे वळायच्या. उत्तर सलीमभाईंना ठाऊक होतं, गल्लीलाही होतं. काकूंची एकुलती एक मुलगी वैशाली कोकणात, खाडीच्या काठावरच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे. त्यांच्या घरातली पहिली सरकारी नोकरी. काकूंचे यजमान वैशाली शाळेत असतानाच वारले. मेसच्या चुलीवर तिचं नर्सिंग झालं. नेमणुकीचं गाव नकाशात शोधायला काकूंनी पहिल्यांदा मोबाईलवर समुद्र उघडला, आणि तो नंतर बंद केलाच नाही.

होळीच्या सुट्टीत वैशाली आली होती. आम्ही पोरं जेवत होतो आणि आतल्या खोलीत दोघींचं चाललं होतं.

"मले नाही राहाचं तिथं, आई. पावसाळ्यात खाडी अंगनात येते. रातच्याले कोनी बोलाले नाही. मी नोकरी सोडतो अन् इथंच एखाद्या दवाखान्यात लागतो."

"सोडाची नाही."

"तू कधी आली काय तिथं? तुले काय माहीत?"

"मले सारं माहीत हाये. रोज पाहतो मी. सोडाची नाही म्हंजे नाही."

बाहेर आमच्यापैकी कोणीही दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही. मी ताटाकडे पाहत बसलो. शिकायला बाहेर पडलेल्या लेकराला घरचे 'परत ये' म्हणत नाहीत तेव्हा त्यांना काय होत असेल, याचा विचार मी तोपर्यंत केला नव्हता. दुसऱ्या दिवशी वैशाली गाडीत बसली. काकूंनी तिला काडीवर वळून वाळवलेले सरगुंडे बांधून दिले, रेल्वे हलल्यावर हात हलवला नाही, आणि घरी येऊन सरळ मोबाईल उघडला.

मे महिना संपत आला होता. माझ्या परीक्षा चालू होत्या. पावसाळ्याला अजून वेळ होता, पण नकाशावर कोकणच्या समोरच एक लाल भोवरा दिसायला लागला. बातम्यांत किनाऱ्याला इशारे सुरू झाले. त्या दिवशी वरणात मीठच नव्हतं. असं आधी कधीच झालं नव्हतं, त्यामुळे जुन्या पोरांनाही अर्थ लागेना.

शोभावहिनी दारात आल्या. "काकू, उन्हाळा सरला. शेवटचा गहू भिजू घालू काय?"

"घाला," काकू म्हणाल्या. मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अन् तो पाव्हणा?"

"तो इकडं नाही येत, बाई. तो तिकडंच बसून राह्यला."

तीन दिवसांनी सकाळी काकूंच्या गच्चीवर साऱ्या गल्लीच्या कुरडया घालायला बाया जमल्या. पेपर नव्हता म्हणून चिकाचं पातेलं वर आणायचं काम माझ्याकडे आलं. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. आणि कोकणात खाडीचं पाणी गावांत शिरलं होतं, रस्ते बंद झाले होते. आदल्या संध्याकाळपासून वैशालीचा फोन लागत नव्हता.

बाया म्हणाल्या, आज राहू द्या. काकू म्हणाल्या, "राहू देऊ तं गहू काय म्हनन?" आणि सोऱ्या घेऊन बसल्या. कुरडईमागून कुरडई पडत होती, एकसारखी गोल. त्यांचा मोबाईल माझ्या हातात दिला होता. "तू लावत राह्य. लागला का सांग." मी लावत राहिलो. तीच बाई तेच वाक्य सांगत राहिली, की संपर्क होऊ शकत नाही.

मी पातेलं जवळ सरकवायला वाकलो तेव्हा काकू हळूच, फक्त मला ऐकू येईल असं बोलल्या. "बे, फोन लागला का आज मी तिले सांगून टाकतो. ये म्हनतो घरी. खड्ड्यात गेली नोकरी. मीच धाडली तिले तिथं, मीच वापस बलावतो."

 मी नुसती मान हलवली.

शेजारच्या गच्चीवर सलीमभाई कूलरच्या टाक्या धूत होते. इतक्या कडक उन्हात, इतकी नामी संधी असून ते एक शब्द बोलले नव्हते.

काकूंनी वर न पाहता विचारलं, "सलीमभाई, आज जीभ कूलरात पडली काय?"

"दुआ करून राह्यलो ना, काकू," ते म्हणाले. "त्यात बोलत नाही."

काकूंचा सोऱ्या क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

फोन आला तो अनोळखी नंबरवरून. काकूंचे दोन्ही हात चिकानं माखलेले. मी स्पीकर लावला आणि मोबाईल त्यांच्या तोंडाजवळ धरला.

"आई, मी वैशाली. सरपंचाच्या फोनवरून बोलतो. मी ठीक हाये."

मागे पावसाचा आवाज येत होता, पत्र्यावर पडल्यासारखा. गच्चीवरच्या बाया हातातलं काम टाकून जवळ सरकल्या.

"दवाखान्यात पानी शिरलं, आई. दोघी होत्या माह्याकडं, दिवस भरलेल्या. त्यायले वरच्या शाळेत नेलं. एकीले खाटेवर उचलून न्या लागलं. पहाटे पोरगी झाली तिले. मायलेकी चांगल्या हायेत. आवाज येते काय तुले तिचा?"

आवाज येत होता. पावसापेक्षा बारीक, पण चिवट.

काकूंनी बोलायला तोंड उघडलं. मला ठाऊक होतं त्या काय बोलणार आहेत. तेवढ्यात वैशालीच म्हणाली, "आई, होळीले मी जे म्हनलं होतं ना, ते सोडून दे. मी नाही सोडत नोकरी. इथं या लोकायले कोनी नाही, आई. मीच हावो."

सोऱ्यातून चीक गळत होता. त्याची कुरडई होत नव्हती, नुसताच ढीग होत होता.

"राह्य मंग," काकू म्हणाल्या. आणि मग, "कपडे कोरडे हायेत काय अंगावरचे?"

"नाही."

"मंग बदल ना, माय. सिस्टर झाली एवढी."

"बदलतो. आई, तुले भेव वाटलं काय?"

"मले काहून वाटन? इथं ऊन पडून राह्यलं."

फोन तुटला. बाया एकदम बोलायला लागल्या. शोभावहिनींनी डोळ्याला पदर लावला. सलीमभाई टाकी तशीच सोडून कठड्यावरून वाकून हसत होते. काकू मात्र होत्या तिथंच, तापलेल्या गच्चीवर, भिंतीला पाठ टेकून बसल्या. काम अर्धवट ठेवून बसलेल्या काकू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. त्यांना कोणी उठवलं नाही. बायांनी सोऱ्या घेतला आणि उरलेला चीक आपसांत वाटून घातला.

मी पाण्याचा तांब्या दिला. माझ्याच्यानं राहवलं नाही म्हणून विचारलं, "काकू, जे सांगायचं होतं ते राहून गेलं ना?"

"काय सांगाचं होतं, बे?" त्या म्हणाल्या. त्या पाणी प्यायल्या, उरलेलं हातांवर घेऊन त्यांनी चीक धुतला. मग हात पुढे केला. "दे तो मोबाईल."

मला वाटलं, आता त्या नकाशा बंद करतील. मुलगी सुखरूप होती. कुरडया वाळत होत्या. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी चष्मा नाकावर आणला, उन्हात पडदा दिसेना म्हणून पदराची सावली केली, आणि बोटानं तो लाल भोवरा शोधला. वैशालीचं गाव सोडून तो किनाऱ्यानं वर सरकत होता. काकूंनी त्याच्या पुढची गावं मोठी करून पाहिली. त्यांतलं एकही त्यांच्या ओळखीचं नव्हतं. तरी एकेका गावाचं नाव त्या ओठांतल्या ओठांत वाचत होत्या.

"काकू, आता काहून पाहून राह्यल्या?" सलीमभाईंनी कठड्यावरून विचारलं. "पोरगी तं ठीक हाये ना."

"इथं पुढं बी कोनाची तं असनच," काकू म्हणाल्या, आणि पदर आणखी पुढे ओढून पाहत राहिल्या.