चिखलातली रंगीत तालीम

आज सकाळीच तेजरामचा रेडिओ मुका झाला, आणि आजच त्याने बोलायला पाहिजे होतं.

हा रेडिओ म्हणजे साधासुधा डबा नव्हे. थेट आभाळातल्या उपग्रहाकडून ऐकणारा. एरवी गाणी लावायचा, पण बावनथडी नदीला पूर येणार असला की गाणं मध्येच तोडून सायरन वाजवायचा आणि मग बाई बोलायची, कुठं जायचं ते. नदीकाठच्या गावांना एका संस्थेने तसे संच दिले होते. बपेऱ्याच्या वाटेवरच्या या गावाला एक मिळाला, आणि तो आला तेजरामच्या घरी. बौद्ध मोहल्ल्यात, नाल्याला लागून, गावाच्या पार खालच्या टोकाला.

खरं तर तो जायचा होता मधुकररावांच्या स्लॅबवर. मधुकरराव म्हणजे लुगड्यांचे व्यापारी, गावातलं एकमेव पक्कं दुकान त्यांचं आणि दुकानात फोन. पण त्यांच्या घरामागे चिंच एवढी माजलेली, की अँटेनाला आभाळच दिसेना. तेजरामच्या अंगणात मात्र अँटेना बांबूवर चढवली आणि गाणं लागलं. मधुकरराव तेव्हापासून म्हणत होते, "चिंच तोडतो मी. तालीम होऊ द्या, मंग पाहू डबा कोनाच्या घरी राह्यते ते."

तर आज ती तालीम होती. खोट्या पुराची. दुपारच्या आत केव्हातरी सायरन वाजणार, तेजरामने भोंग्यावरून गावाला सांगायचं, आणि सगळ्या गावाने शाळेच्या टेकाडावर जमायचं. संस्थेच्या स्वाती मॅडम सकाळपासून टेकाडावर घड्याळ घेऊन बसल्या होत्या. गाव जमलं तर डबा तेजरामकडे, नाही जमलं तर मधुकररावांकडे.

तेजरामला तो डबा गाण्यांसाठी नको होता. मागच्या पुरात तहसीलचा फोन मधुकररावांच्याच दुकानात आला होता. वरच्या आळीला कळलं, मधल्या आळीला कळलं, आणि खालच्या मोहल्ल्याला कळलं ते पाणी चुलीत शिरल्यावर. तेजरामने म्हाताऱ्या आईला खांद्यावर घेऊन, छातीएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं होतं. मधुकररावांनी मुद्दाम केलं नव्हतं. ते विसरले होते. तेजरामला तेच जास्त लागलं होतं.

आणि आज डबा मुका! तेजरामने बटणं दाबली, सेल काढून चड्डीला पुसले, डब्याला चापट मारली. मग मान वर करून पाहिलं, तर अँटेनाच दिसेना. बांबूला सुतळी बांधून त्याच्या बायकोने, धुरपताने, दोडक्याचा वेल चढवला होता. मोकळा बांबू दिसला आणि त्याच्यावर वेल चढवला नाही, अशी बाई त्या मुलखात अजून जन्माला यायची आहे. पावसाने वेल असा फोफावला होता की सुपाएवढी अँटेना ओल्या पानांच्या पार पोटात गेली होती.

"धुरपता! हे काय केलं वो तू?"

"काय केलं जी? बांबू उगाच उभाच होता."

"उगाच? आभाळाशी बोलून राह्यला होता तो!"

"मंग बोलू द्या ना. वेल काय त्याचं तोंड धरून हाय?"

"तोंड नाई, कान धरले त्यानं! आन विळा. कापतो."

धुरपता बांबूला पाठ लावून उभी राहिली. "फुलोऱ्यावर आलेला वेल कापान? हात तं लावून पाहा!"

तेजरामला पुरापेक्षा धुरपताची भीती जास्त. त्याने पानांत हात घालून, काटकी न मोडता, अँटेना तेवढी सोडवली. एका हातात अँटेना, बगलेत डबा, आणि निघाला आभाळ शोधायला. कौलांवर चढला तर पाय घसरला. बकऱ्यांच्या कोठ्यावर ठेवली तर दोन ओळी गाणं वाजलं आणि बकरीने वायरला तोंड लावलं. शेजारच्या भिंतीवर ठेवली तर आंब्याची फांदी आड आली. जसजसं मोहल्ल्याच्या बाहेर जावं तसतसा डबा खुलायला लागला, म्हणून हा पुढे, आणखी पुढे, करता करता पार धानाच्या शेतात, बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. तिथे अँटेना डोक्यावर धरली आणि गाणं असं खणखणीत लागलं की तेजरामचे डोळे भरून आले. हात खाली केला की बंद, वर केला की सुरू. म्हणजे आता हलायचं नाही. भोंगा घरी, गाव मागे, आणि हा धुऱ्यावर हात वर करून उभा, जणू कुणी शिक्षाच दिली आहे.

त्या नादात त्याला एक गोष्ट दिसलीच नाही. पलीकडच्या बांधीत बाया होत्या, आणि आज गावातल्या रोवणीचा शेवटचा दिवस होता.

आता रोवणीचा शेवटचा दिवस म्हणजे काय असतं! महिनाभर कंबर मोडून चिखलात उभ्या राहिलेल्या बाया शेवटचं रोप खोचतात आणि मोकळ्या सुटतात. मग धुऱ्यावर जो सापडेल त्याला चिखल, मालक असो नाहीतर पाहुणा. खाऊ कबूल करेपर्यंत सुटका नाही. शहाणी माणसं त्या दिवशी शेताकडे फिरकत नाहीत. आणि बायांच्या पुढे होती मंदाबाई, म्हणजे धुरपताची धाकटी बहीण, म्हणजे तेजरामची सख्खी साळी.

"अवं पाहा वो! माया भाटवा स्वतःच आला, बाजा घेऊन!"

तेवढ्यात गाणं तुटलं. सायरन वाजला. बाई बोलली, "ही रंगीत तालीम आहे. नदीला पूर येत आहे..."

तेजराम ओरडला, "मंदा! पूर! पूर येऊन राह्यला!"

"येऊ द्या! चिखल धुवाले कामी येईन!"

आणि पहिला गोळा बसला तो सरळ तोंडावर. तेजराम ओरडायला तोंड उघडून होता, त्यामुळे आतही गेला. आता ओरडणार कसा? डबा आणि अँटेना पोटाशी धरून तो पळत सुटला गावाकडे, शाळेकडे, एक हात टेकाडाकडे दाखवत. बायांना वाटलं, भाटवा खाऊ न देता पळतोय. रोवणीच्या सगळ्या बाया मागे.

"धरा वो! सोडू नोका!"

मोहल्ल्यातून गेले, तर मोहल्ला बाहेर आला. बहीण नवऱ्याच्या मागे लागलेली पाहून धुरपता हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. मधल्या आळीतून गेले, तर मधली आळी मागे, कारण एवढ्या बाया एका माणसाच्या मागे पळताहेत म्हटल्यावर घरात कोण बसणार? म्हातारी माणसं काठ्या घेऊन निघाली. वरच्या आळीत मधुकरराव दुकानाच्या पायरीवर पांढऱ्याशुभ्र कुडत्यात बसले होते. भोंगा वाजला नाही म्हणून आतून खूश. तेजरामने वाकून एक गोळा चुकवला आणि तो मधुकररावांच्या छातीवर जाऊन फुटला.

"कोन हाय बे ते? थांबा! सोडत नाई मी कोनाले!" म्हणत मधुकररावही धावले, धोतराचा सोगा हातात धरून.

स्वाती मॅडमनी वर पाहिलं, तर अख्खं गाव टेकाड चढत होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, हलवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "एवढ्या लवकर? आजवर कुठल्याच गावाने असं केलं नाही हो!"

तेजराम थुंकत होता. बोलायला जीभ मोकळी नव्हती. मॅडमना वाटलं, खात्री करून घ्यावी. समोर सगळ्यांत प्रतिष्ठित दिसणारा माणूस मधुकरराव. "काका, तुम्ही कसे आलात इथे?"

सगळं गाव मधुकररावांकडे वळलं. मधुकररावांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं, तर रोवणीच्या बायांमागे धोतर धरून पळालो, हे परक्या बाईसमोर, अख्ख्या गावादेखत सांगायचं. कुडत्यावरून चिखल ओघळत होता. मंदाबाई पदर तोंडात कोंबून हसत होती.

"इशारा ऐकला ना," मधुकरराव म्हणाले. "म्हनून आलो."

"तेजरामभाऊंचा? पार तुमच्या दुकानापर्यंत?"

"हाव. खणखणीत."

"आणि कपड्यांचीही पर्वा केली नाहीत!" मॅडम भारावल्या. "डबा तेजरामभाऊंकडेच राहील. आणि काका, तुमच्याकडे फोन आहे ना? मग आता रोज सकाळची चाचणी तेजरामभाऊंच्या घरी बसून ऐकायची आणि मला कळवायचं. तुमच्यासारखा जागा माणूस कुठे मिळणार?"

मधुकररावांनी तेजरामकडे पाहिलं. तेजराम चिखलातून पाहत होता, त्यामुळे त्याचा चेहरा काही कळला नाही.

उतरताना तेजराम धुरपताला हळूच म्हणाला, "कोनीच ऐकलं नाई वो. एकानंबी नाई."

"आले तं सारेच."

"चिखलाच्या पायी आले. खराच पूर आला मंग?"

धुरपताच्या हाताचं पीठ वाळलं होतं, ते ती चोळून काढत होती. मग म्हणाली, "वरची आळी आज पयल्यांदा आपल्या मांगं धावली जी. जराक धावाची सवय तं होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, अँटेना नव्या मोकळ्या बांबूवर चढल्यावर, मधुकरराव आले. अंगणाच्या कडेला उभे राहिले, आत येईनात.

"इतूनच ऐकतो मी."

"इतून नाई आयकू येत जी," तेजराम म्हणाला. आवाज वाढवायचं बटण त्याच्या अंगठ्याखालीच होतं. त्याने ते दाबलं नाही. "ओसरीवर या."

मधुकररावांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग चपला काढल्या, ओसरीवर आले आणि बाजेच्या अगदी काठावर टेकले. धुरपताने चहाचा कप आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली. ते कपाकडे पाहत राहिले. वाफ विरायला आली.

डबा खरखरला. बाई काहीतरी बोलली.

"काय म्हनते ते?" मधुकररावांनी विचारलं.

"चाचनी हाय म्हनते," तेजराम म्हणाला. "भेवाचं काई कारन नाई म्हनते."

मधुकररावांनी कप उचलला.