नवसाला बोललेला माझा कोंबडा

येत्या रविवारी कोंबडा कापणार म्हणजे कापणार, असं मी सगळ्या आळीला सांगून टाकलं होतं! हौसेनं परसात सात कोंबड्या पाळल्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हा तुरेवाला! सुप्याच्या कंपनीतून दमून यावं, तर हा फाटकातच माझ्या पोटरीवर झेप घ्यायचा. एवढ्या गावात त्याला दुसऱ्या कुणाची पोटरी पसंतच नव्हती!

शनिवारी सुरीला धार लावत बसलो, तर शेजारच्या भामाबाई धावत आल्या.

"आवं, थांबा! त्यो कोंबडा मी म्हसोबाला बोललेय! आमच्या ओंकारचं लगीन झालं की द्यायचाय."

"अहो, पण कोंबडा माझा आहे!"

"म्हाईत हाय की. पन नवस बोलताना त्योच कुंपनावर बसला हुता. निघालं तोंडातून!"

"मग दुसरा द्या!"

"देवाला बोललेला बदलत्यात व्हय?"

माझी बायको जयमाला गुपचूप सुरी उचलून आत घेऊन गेली. देवाशी वाकडं घ्यायची तिची तयारी नव्हती.

आता हा त्यांचा मुलगा ओंकार चौतीस वर्षांचा. निर्व्यसनी, कामसू, पण शेतकरी! मुलीकडचे चहासुद्धा न पिता उठायचे. म्हणजे मी आणि कोंबडा जोडीनं म्हातारे होणार! शेवटी मीच स्थळं शोधायला लागलो. चार महिने डब्याच्या सुट्टीत दिसेल त्याला विचारायचो, "तुमच्याकडं लग्नाची मुलगी आहे का हो?" लोक माझ्याकडं संशयानं बघायला लागले!

अखेर पारनेरकडची ज्ञानेश्वरी आईवडिलांना घेऊन भामाबाईंचं घर बघायला आली. मी कोंबडा डालग्याखाली झाकला, वर दगड ठेवला आणि पाहुण्यांशी बोलायला भामाबाईंच्या अंगणात गेलो. इकडं जयमालेनं त्याला दाणे टाकायला डालगं उचललं! तो कुंपणावरून थेट माझ्या पोटरीवर! मी पाहुण्यांच्या टेम्पोच्या बॉनेटवर चढलो. पाहुणे ताडकन उठले. झालं, जमत आलेलं मोडलं! मला अक्षरशः रडू आलं.

पण ज्ञानेश्वरी पोट धरून हसत होती. ओंकारनं कोंबडा अलगद उचलून काखेत घेतला. ते बघून ती वडिलांना म्हणाली, "दादा, मला पोरगा पसंत हाय."

लग्न झालं! दुसऱ्याच दिवशी मी सुरी काढली. तर नवी सून दारात उभी.

"काका, आमी माळकरी. कापायचा न्हाई. देवाच्या नावानं जित्ता सोडायचा."

इतके दिवस मला तिचा होकार तेवढा दिसला होता, गळ्यातली माळ काही दिसली नव्हती!

भामाबाईंनी कोंबड्याला हळदकुंकू लावून सोडलं. "आता ह्यो देवाचा. ह्याला कुनी हाकलायचंबी न्हाई!"

सोडलेला कोंबडा फाटकाबाहेर दोन पावलं गेला, थांबला आणि वळून माझ्याच परसात आला. आता मी कामावरून आलो की फाटकाशी उभा राहतो आणि म्हणतो, "अहो, जरा आत येऊ देता का?"