गाऱ्हाणं, मुक्काम मुलुंड पूर्व

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये परबकाका एकटेच राहतात, पण रोज सकाळी तिथून दोन आवाज येतात. पहिला भरदार. "बा देवा म्हाराजा, बी विंगची लिफ्ट परत बंद पडली हा, तिच्यार तुझी नजर ठेव रे म्हाराजा." त्यावर लगेच दुसरा, बारीक आवाज, "व्हय म्हाराजा." हे दोन्ही आवाज काकांचेच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, ह्याला गाऱ्हाणं म्हणतात. कोकणात देवापुढे नारळ ठेवून एकाने मागायचं आणि मागे उभ्या असलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणत दुजोरा द्यायचा. आम्ही मूळचे पार्ल्याचे, आमच्याकडे देवाशी इतकं मोकळं कोणी बोलत नाही. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मला वाटायचं, काकांकडे रोज कोणी पाहुणा येतो. नीता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "पाहुणा कसला? स्वतःच विचारतात, स्वतःच हो म्हणतात."

आम्ही इथे येण्याआधीच काकू गेल्या होत्या, आणि रिटायर झालेल्या काकांनी पाठीवर सॅक टाकली. व्हिएतनाम, कंबोडिया, बाली. नियम एकच, जिथे माड नाहीत तिथे जायचं नाही. "युरोपात जाऊन काय करू? थंडीत माणूस आपलेच कान सांभाळत बसतो." निघण्याआधी ओझ्याची सवय व्हावी म्हणून सॅकमध्ये तांदूळ भरून ते सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायचे. पहिल्यांदा वॉचमनला वाटलं, काका घर सोडून चालले, आणि त्याने गेटच लावून घेतलं.

परत आले की निकाल ऐकायला मिळायचा. अंगकोरची देवळं झकास, पण गाभाऱ्यात गुरव नाही. बालीचा समुद्र चांगला, पण पाण्याला मासळीचा वास नाही, असला समुद्र काय कामाचा. हॉटेल परवडत असून हे मात्र राहायचे डॉर्मिटरीत, वर-खाली बिछाने असलेल्या खोलीत, नातवंडांच्या वयाच्या गोऱ्या पोरांबरोबर. आणि प्रत्येक देशात समुद्राला नारळ देऊन आमच्या बिल्डिंगसाठी गाऱ्हाणं घालायचे. नीताच्या भाचीचं लग्न कंबोडियात मागितलं होतं. ते जमलं, तेव्हापासून नीता काकांबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही.

मग काकांचा गुडघा बोलायला लागला. त्यांची मुलगी मेघना बंगळुरूला असते. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, एकट्याने फिरणं बंद. कोणी सोबत येत असेल तर जा, नाहीतर सॅक माळ्यावर टाका."

श्रीलंका राहिली होती. काकांनी सगळ्या बिल्डिंगला विचारून पाहिलं. कोणाचं बीपी, कोणाचं जेवणाचं, कोणाची नुसतीच बायको. शेवटी एका रविवारी त्यांनी मला स्टूल धरायला बोलावलं. सॅक माळ्यावर टाकायची होती. काका स्टुलावर चढले आणि सॅक दोन्ही हातांत धरून तसेच उभे राहिले.

"काका, टाका आणि उतरा. गुडघा दुखेल."

"टाकतो रे." पण टाकेनात.

मला ते बघवेना. "मी येतो तुमच्याबरोबर," मी म्हणालो. हे मी का म्हणालो ते आजही मला सांगता येणार नाही. मला उशी बदलली तरी झोप लागत नाही. घरी सांगितलं तर नीता एवढंच म्हणाली, "इसबगोल घेऊन जा."

विमानतळावरच वाट लागली. काकांच्या हातातल्या पिशवीत नारळ निघाला. तिथल्या अधिकाऱ्याने तो बाजूला काढून ठेवला. "अहो, श्रीलंकेत नारळाला काय तोटा?" मी म्हणालो. काका माझ्यावर उखडले. "तोटा नाय, माहितेय. पण मागणं मुलुंडचं आणि नारळ तिकडचा. तिथल्या देवाने लिफ्ट दुसऱ्याच कोणाची चालू केली तर?"

त्यावर त्यांनी प्रवासात उपाय शोधून काढला. तिकडच्या एका छोट्या किनाऱ्यावर आमची डॉर्मिटरी होती. काकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सोलकढी पाजली आणि काय म्हणायचं ते शिकवून ठेवलं. सकाळी वाळूत ओळीने उभी राहिली ती जर्मन, इस्रायली, ब्राझिलियन पोरं, आणि मागच्या बाजूला मी, चप्पल हातात घेऊन. काकांनी तिथलाच नारळ वर धरला आणि आधी पत्ता सांगितला. "बा देवा म्हाराजा, मुक्काम मुलुंड पूर्व, पाण्याच्या टाकीच्या मागे, बी विंग, तिसरो मजलो..."

"वय माराजा," पोरं ओरडली.

मग एकेकाचं नाव घेऊन मागणं झालं. सेक्रेटरीची शुगर, वॉचमनच्या गावचं घर, माझी झोपसुद्धा. सगळं संपलं, नारळ लाटेत गेला, आणि गुडघ्याचं नाव नाही.

"स्वतःचं राहिलं की हो काका."

"गाऱ्हाणं घालणाऱ्याने आपलं मागायचं नसतं रे सुहास. त्याचं दुसऱ्या कोणी मागायचं." ते वाळूत बसले आणि गुडघा चोळत पोरांकडे बघत राहिले. पोरं पाण्यात शिरली होती. "ही पोरं बघ, एक अक्षर कळत नाय, पण मागे उभी राहतात. म्हणून तर डॉर्मिटरी. घरी तुझी काकू, सुलू, असायची मागे. हातातलं काम टाकून यायची, व्हय म्हाराजा म्हणायला. आता तिचंपण मीच म्हणतो. मागे कोणीच नाय असं देवाला वाटायला नको."

तो बारीक आवाज कोणाचा, ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी त्या आवाजाच्या नकला करून पाहुण्यांना हसवत होतो. मला फार वाईट वाटलं. मी त्यांची सॅक उचलली. तिच्यात सरावाचे तांदूळ अजून तसेच होते.

आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत उभा होतो. पलीकडे सुरू झालं, "बा देवा म्हाराजा, आमी सुखरूप घराक इलो. अशीच सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. चांगला मोठ्याने.

पलीकडून बारीक आवाज काही आला नाही. मग माझाही धीर वाढला. "आणि बा देवा म्हाराजा, आमच्या परबकाकांच्या गुडघ्याला बळ दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," नीता माझ्या मागे येऊन उभी होती, दोन्ही हात कणकेचे.

मग काकांनी घसा साफ केला.

"डावो म्हणान सांग रे त्येका," ते म्हणाले. "नायतर उगाच उजव्याक बळ देत."