रिकाम्या घड्याळाची टकटक

घड्याळजींचं म्हणणं असं, की त्यांनी बंद केलेल्या पेटीत धुळीचा कण शिरत नाही, मग तिच्यातून बेडूक बाहेर पडायची काय बिशाद!

विषय बेडकांचा निघाला तो लेकीमुळे. नव्या नोकरीसाठी परगावी जाताना तिनं आपले तीन झाडबेडूक आईबापाच्या पदरात टाकले. अंगठ्याच्या पेराएवढे, कोवळ्या पानासारखे हिरवे, आणि डोळे मात्र तोंडी परीक्षा घ्यायला बसल्यासारखे. यांना ऐसपैस नव्हे, उंच घर लागतं, चढायला फांदी लागते, हवा ओलसर लागते, असं बजावून ती गेली. 'उंच' हा शब्द कानी पडताच घड्याळजींची नजर बैठकीच्या कोपऱ्याकडे वळली. तिथं त्यांच्या आईचं पुरुषभर उंचीचं घड्याळ उभं होतं. आई गेली त्याच आठवड्यात ते बंद पडलं होतं, आणि साऱ्या गावाची घड्याळं चालती करणाऱ्या या मुलाला त्याला हात लावायचा धीर झाला नव्हता. तो आता बेडकांच्या निमित्तानं झाला.

यंत्र काढून, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून त्यांनी पलंगाखाली सरकवलं. घड्याळाच्या तळाशी खडे, वर माती, शेवाळ, रुंद पानांचं एक रोप, एक वाकडी फांदी. पाठीमागच्या फळीला हवेपुरती बारीक जाळी. तबकडी आणि काटे शोभेसाठी राहू दिले, काट्यांमागची दांडीही ठेवली. बेडकांना बसायला बरी.

"राजवाडा आहे," ते म्हणाले.

हे घड्याळ आईंनी वन्संना द्यायला सांगितलं होतं, याची त्यांच्या बायकोनं हळूच आठवण करून दिली. वन्सं म्हणजे घड्याळजींची थोरली, एकुलती एक बहीण. तिच्या दोन खोल्यांत ते मावणार कुठं, असं म्हणून घड्याळजींनी विषय झटकून टाकला.

या बायकोला शेजारीपाजारी मौनीबाई म्हणत. रोज दिवेलागणीपासून पानं वाढेपर्यंत तिचं मौन असे. त्या वेळात ती मानसुद्धा हलवत नसे. मान हलवणं हेही बोलणंच, असं ती मानी. शिवाय खोटं कधीच बोलायचं नाही, हे दुसरं व्रत. दुसरं सांभाळता यावं म्हणून पहिलं घेतलंय, असं घड्याळजी म्हणत.

बेडूक दिवसभर पानाला चिकटून मेल्यासारखे पडून राहत. दिवे लागले, की मात्र बंद घड्याळातून आवाज येई. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, टक्. बेडूकच तो, हे मौनीबाईला पक्कं ठाऊक होतं. तरी हातावर काटा येई तो येईच.

आणि अशातच वन्संचा फोन आला. त्यांना मोठं घर मिळालं होतं. संध्याकाळी मुक्कामाला येते, सकाळी गाडी बोलावून घड्याळ नेते, म्हणाल्या. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. आईच्या शेवटच्या खुणेची पोटफाड केलेली दिसली, तर ताई पुन्हा उंबऱ्याला पाय लावणार नाही, हे ते ओळखून होते.

वन्सं आल्या त्या नेमक्या दिवेलागणीला. चहासुद्धा नको म्हणून घड्याळासमोर खुर्ची ओढून बसल्या. मौनीबाईनं दिवा लावला आणि तिचं तोंड मिटलं.

टक्.

"बाळ्या, हे तर बंद होतं ना?"

"होतं. म्हणजे आहेच."

टक्, टक्. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मिनिटकाटा थरथरला आणि हळूच तीन घरं खाली सरकला. खालच्या दाराच्या काचेवर आतून धुकं धरलं होतं. त्यात एक पंजा उमटलेला होता. अगदी एवढासा.

वन्सं पुढं वाकल्या. "शेवटी शेवटी आईचे हात असेच झाले होते," त्या पुटपुटल्या.

"ताई, त्याला बोटं चारच आहेत," घड्याळजी कसेबसे म्हणाले.

"अंगठा ती मुठीत धरायची. विसरलास?"

घड्याळजींनी आठवून पाहिलं. हो, धरायची खरी.

वन्संनी मौनीबाईचा हात धरला. "तू खोटं बोलत नाहीस. सांग मला, आई आहे ना इथं?"

मौनीबाईच्या ओठांवर 'बेडूक' येऊन थडकला आणि माघारी गेला. मान तिनं दगडासारखी धरून ठेवली. त्या ताणानं डोळ्यांत पाणी आलं. वन्संना तेवढं पुरलं.

पानं वाढली आणि मौनीबाई पहिलं वाक्य बोलली, "वन्सं, ते बेडूक आहेत." मग बेडकांपासून बनियनपर्यंत सगळं सांगितलं. घड्याळजींचा घास हातातच राहिला.

वन्सं मात्र शांत. "म्हणजे आत यंत्रच नाही?"

"नाही."

"यंत्र नाही आणि तरी चालतंय," वन्सं म्हणाल्या. "मग तर शंकाच नको."

मौनीबाईनं त्यांना हाताला धरून नेलं आणि घड्याळाचं दार उघडलं. शेवाळ होतं, फांदी होती, पाण्याची वाटी होती. बेडूक मात्र एकही नव्हता! ओल्या मातीचा गार वास तेवढा अंगावर आला.

"आईला झाडं आवडायची, म्हणून तू आत बाग केलीस," वन्सं भावाला म्हणाल्या. "तिला आता हलवायचं नाही. तुझ्याकडेच राहू दे. तिचा जीव पहिल्यापासून तुझ्यातच होता."

सकाळी वन्सं रात्रभर घड्याळापाशी पडलेली आपली पिशवी घेऊन निघून गेल्या. मग शोधाशोध झाली. एक बेडूक तसबिरीमागं सापडला, दुसरा घड्याळजींच्या बुटात. तिसऱ्याचा पत्ता नाही. मौनीबाईनं तबकडीवरच्या किल्लीच्या भोकात बोट घातलं, ते सहज आरपार गेलं. जन्मभर त्या भोकातून किल्ली आत घालणाऱ्या माणसाला त्यातून काही बाहेरही येऊ शकेल, हे सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी दिवा लावून मौनीबाई बसते न बसते तोच फोन वाजला. घड्याळजींनी तो दोघांना ऐकू येईल असा धरला.

"बाळ्या," वन्संचा आवाज कुजबुजता होता, "आई माझ्याबरोबर आलीय. न्हाणीघरातल्या आरशावर तिचा हात उमटलाय. आत्ता कपाटामागून टकटक ऐकली मी." मग थोड्या वेळानं, "मला वाटायचं, तिला माझी आठवणच नसेल."

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. बायको दिव्याकडे पाहत होती.

"ताई," ते म्हणाले, "घर जरा ओलसर ठेव. आरशाजवळ पाणी शिंपडत जा. रात्रभर उघडं ठेवलेलं घे, नळाचं ताजं नको."

"बरं. आणखी?"

"घरात झुरळं असतील, तर औषध मारू नकोस."

"अरे, आईला झुरळ नजरेसमोर चालायचं नाही."

"आता चालतं," घड्याळजी म्हणाले.

त्या दिवशी मौनीबाईनं पानं वाढायला फार उशीर केला. स्वयंपाक तर केव्हाचाच झाला होता.